एकेकटे सगळे गुणी

दादर पश्चिमेला, रुळांना लागून असलेल्या आमच्या इमारतीत रेडिओवरच्या बातम्या सलग ऐकू येत नाहीत. "ज्येष्ठ अभिनेते" इथपर्यंत येतं, मग विरार फास्ट जाते आणि पुन्हा आवाज लागतो तेव्हा "यांचं आज पहाटे निधन झालं." कोण गेलं हे कळायला आईला शेजारच्या काकूंची वाट बघावी लागते. तोवर ती अंदाजाने कुणासाठी तरी हळहळून घेते. त्यात दोन-तीन जण अजून धडधाकट आहेत.

यावर माझा उपाय म्हणजे रास्पबेरी पाय. हा तळहाताएवढा संगणक इंटरनेटवरून रेडिओ लावणार. घर हादरलं की गाडी आली असं समजून आवाज वाढवणार, गाडी गेली की कमी करणार. त्यासाठी त्याच्यावर तीन बोर्ड चढवायचे होते. एक चांगला आवाज देणारा, दुसऱ्यावर घड्याळ आणि पंखा, तिसरा हादरे मोजणारा. घड्याळ अशासाठी की पायला स्वतःचं घड्याळ पाचव्या पिढीत मिळालं आणि माझा चौथ्यातला. तो वेळ इंटरनेटला विचारतो आणि आमच्या केबलवाल्याचं इंटरनेट पहिल्या सरीलाच मान टाकतं. पंख्याचं कारण मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

"एवढं करण्यापेक्षा खिडकी लावून घे की," आई म्हणाली. विज्ञानाची प्रगती अशा लोकांमुळे खुंटते.

तिन्ही बोर्ड एकावर एक चढवले, चाळीस पिना चाळीस भोकांत बसल्या, दिवा लागला. आणि कारभार सुरू झाला. घड्याळ पुढे जायचं आणि मधेच मागे यायचं. पंखा चालू केला की गाणं बंद. गाणं चालू असलं की पंखा थांबायचं नाव घेत नसे, संगणक थंडगार असला तरी. हादरे मोजणाऱ्याच्या मते आमचं घर एका बाजूला कललेलं होतं. हे मात्र मला खरं वाटलं, इमारत जुनी आहे.

लॅमिंग्टन रोडला गेलो. ज्या गाळ्यातून माल घेतला तिथल्या शेठने शांतपणे एकेक बोर्ड स्वतःच्या पायवर लावून दाखवला. आवाज खणखणीत, घड्याळ मिनिटाला चोख, हादरेवाल्याला टिचकी मारली तरी कळतंय. "देखो, अकेला सब बराबर चलता है," तो म्हणाला. मी म्हटलं, मला एकत्र चालवायचेत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या घरातल्या वाटण्यांबद्दल विचारलंय.

शेवटी इंजिनिअरिंगला असलेला भाचा आला. त्याने आयटूसी-डिटेक्टची, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कोण आहे ते शोधायची, आज्ञा दिली. पडद्यावर रेघारेघांची जाळी उमटली आणि तिच्यात एका चौकोनात "यूयू" अशी दोन अक्षरं. "म्हणजे हा पत्ता ड्रायव्हरने, चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ताब्यात घेतलाय. पण मामा, इथे दोघं राहतायत."

मग त्याने समजावलं. चाळीस पिनांपैकी तीन नंबर आणि पाच नंबर या दोन तारांवर सगळ्या चिप बोलतात. ही चाळ समजा. प्रत्येक चिपला खोली नंबर. नंबर सात बिटांचा, म्हणजे खोल्या 128. राखीव सोडल्या तर 112. एवढ्या खोल्या मोकळ्या असताना माझं डीएस 3231 घड्याळ आणि एमपीयू 6050 हा हादरेवाला, दोघं खोली नंबर 68 मध्ये. पोस्टमनने 68 अशी हाक मारली की दोघंही ओ देतात. त्या तारांचा कायदा असा की दोघं एकदम बोलले तर 0 म्हणणाऱ्याचं खरं. मी वेळ लावली की ती दोघांच्याही पोटात लिहिली जायची. एकाची पुढे सरकायची, दुसऱ्याची तिथेच गोठायची, आणि विचारलं की दोन्हींची मिसळ हातात. शिवाय हादरेवाला माझी तारीख-वेळ म्हणजे आपल्या मोजमापातली दुरुस्ती समजून बसला होता. म्हणून घर कललेलं.

घड्याळ 68 सोडत नाही, त्याला मुभाच नाही. हादरेवाला मात्र एक पिन 3.3 व्होल्टला जोडली की मुकाट्याने 69 मध्ये जातो. समजूतदार माणसालाच खोली सोडावी लागते, हे तिथेही आहे.

ती जोडणी म्हणजे बोर्डाच्या पाठीवरचे तीन चांदीचे ठिपके. मधला डावीकडून सोडवून उजवीकडे जोडायचा. ठिपक्यांमधली फट अर्धा मिलिमीटर असेल. भिंग दातात धरता येत नाही म्हणून ते भाच्याने धरलं, टॉर्च आईने. सोल्डरिंगची गन तापली, फ्लक्सचा धूर डोळ्यांत गेला, टोक ठिपक्याला टेकलं, सोल्डर वितळून चमकलं आणि तेवढ्यात बोरिवली फास्ट गेली. सोल्डर तिन्ही ठिपक्यांवर. "हादरा बसला," आईने टॉर्च न हलवता सांगितलं. तांब्याच्या वेणीने ते शोषून घेऊन पुन्हा केलं, या वेळी मालगाडीसुद्धा येणार नाही अशी वेळ बघून.

गाणं आणि पंख्याचं भांडण वेगळं होतं. आवाजाच्या बोर्डाला तालासाठी जीपीआयओ 18 नावाची पिन लागते. पंख्याच्या बोर्डवाल्यालाही वेग कमीजास्त करायला तीच आवडली. शेवटी ज्याचा ड्रायव्हर तिला धरेल त्याची ती. गाणं लागलं की गाण्याचा ताल पंख्याच्या अंगात शिरायचा. त्यात जीपीआयओ 18 म्हणजे अठरावी पिन नव्हे, ती मोजून बारावी. मोजून अठराव्या पिनेला जीपीआयओ 24 म्हणतात. आमच्या गल्लीत जुने आणि नवे घरनंबर शेजारी शेजारी लावलेत, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. पंख्याची ती पिन पक्कडीने वाकवून बाजूला काढली आणि वायरने त्याला जीपीआयओ 13 वर नेलं.

राग कशाचा येतो सांगू? डब्यावर मोठ्या अक्षरांत "लावा आणि चालवा" असतं. कुठल्या पिना खातो हे ना डब्यावर, ना बोर्डावर. पाठीवर छापायला काय जातं? कंपनीचं नाव दोनदा छापायला शाई पुरते. पायच्या डोक्यावर बसणाऱ्या, हॅट म्हणवणाऱ्या बोर्डांची 2014 ची मूळ नियमावली तर एका पायवर एकच हॅट धरून चालली होती. एकावर एक चढवायची सोय 2023 च्या नव्या नियमांत आली. म्हणजे माणसं तिसरा मजला चढवणार हे कळायला नऊ वर्षं लागली. मुंबईत कुणालाही विचारायचं होतं.

मधे पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली होती. पुरवठा 4.63 व्होल्टच्या खाली गेला की ती दिसते. "बाहेर टिपूस नाही आणि इथे विजा," आई म्हणाली. मोबाइलचा चार्जर काढून तीन अँपियरचा लावला, आकाश निवळलं.

आता यंत्र चालतं. गाडी आली की निवेदिका ओरडते, गेली की कुजबुजते. काकूंनी मिक्सर लावला तरी ओरडते, पण त्यामुळे आईला काकूंकडे आज वाटण आहे हे कळतं, म्हणून ते मी सुधारलेलं नाही. फक्त तिला आता रिमोट हवाय. भाच्याने तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर आणून दिला. त्याचा ड्रायव्हर, आपण वेगळं काही सांगितलं नाही तर, कुठली पिन धरतो ते मी पाहिलं. जीपीआयओ 18.

तिथे आवाजवाला आधीच आहे, असं आईला सांगितलं.

"मग त्याला म्हणावं, जरा सरक," आई म्हणाली.