पार्ट टाइम म्हणे!

आज सोडलेल्या दुकानात तिसऱ्यांदा गेले होते. अकरा दिवसांचा पगार मागायला. माझाच पगार. उसने मागायला नाही, वर्गणी मागायला नाही. शेठ गल्ल्यावर बसून सुपारी कातरत म्हणाले, "अगं, तू मधेच सोडून गेलीस ना? आता हिशेब बघायला लागेल." अकरा दिवसांचा हिशेब! हाच माणूस, बाराशेच्या ड्रेसवर एखादी बाई दीडशे कमी करा म्हणाली की पापणी लवायच्या आत सांगतो किती सुटतात आणि किती बुडतात. आणि माझे दोन हजार नऊशे एकसष्ट रुपये त्याला तीन फेऱ्यांत मोजता येत नाहीत.

डोकं इतकं तापलंय की आज लिहूनच काढते.

मी परभणीकडची. पुण्यात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या सप्टेंबरात पावसानं आमच्याकडे काय केलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. आमचं सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं होतं. अप्पांनी फोनवर काही म्हटलं नाही, नुसतं "बघ बाई, जमतंय का तुझं तुला" एवढंच. मग लक्ष्मी रोडवर एका कापड दुकानात लागले. ठरलं असं: रोज संध्याकाळी 5 ते 9, आठवड्याला एक सुट्टी, महिन्याला 7,000. हॉस्टेलचे 3,200, मेसचे 3,300, उरलेल्या पाचशेत झेरॉक्स, साबण, रिचार्ज. चार तासच तर आहेत, म्हटलं. अभ्यास रात्री.

चार तास! नऊ वाजले की शटर अर्धं खाली येतं, दुकान बंद होत नाही. दिवसभर काढलेला माल तसाच पडलेला असतो. मी ड्रेस मटेरियलला होते. एक बाई येते, चाळीस पीस उघडायला लावते, दुपट्टा अंगावर घेऊन आरशात बघते, नवऱ्याला फोटो पाठवते, नवरा उत्तर देत नाही, मग "बघून येते हं" म्हणून निघून जाते. ते चाळीसच्या चाळीस पुन्हा घालायचे. दुपट्टा खाली, सलवारचं कापड मधे, टॉप वर, आणि टॉपची घडी अशी हवी की गळ्याचं वर्क बरोबर समोर येईल. मग पुठ्ठा, मग पिशवी, मग चिकटपट्टी. वर्क अर्धा इंच सरकलं तरी शेठ सगळं उपसून पुन्हा करायला लावायचे. वर पंखे बंद, कारण गिऱ्हाईक गेलं की वीज कशाला जाळायची. दिवाळीत तर टिकल्यांची चमक नखांत इतकी बसायची की मेसमध्ये पोळी तोडताना पोळी चमकायची.

हे आवरेपर्यंत साडेदहा. त्यात सुरुवातही पाचला नाही, साडेचारला. "मालाची गाडी येते, जरा लवकर येत जा." म्हणजे रोज सहा तास. मी बीकॉमची आहे, दुसरं काही येवो न येवो, भागाकार येतो. चार तासांनी सव्वीस दिवस, तासाला 67 रुपये पडतात. सहा तासांनी 45. वरचे दोन तास मी शेठना रोज देणगी देत होते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेय, कागदावरचा भाव आणि हातात पडणारा भाव वेगळा असतो हे मला कुणी शिकवायला नको. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला 5,328 रुपये होता. अप्पांच्या भिजलेल्या मालाला काय मिळाला ते विचारू नका.

आणि हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं! म्हणजे रोजची भीक. रोज रेक्टर मॅडमना फोन, "मॅडम, निघालेच." एकदा त्यांनी घरी पत्र पाठवलं, आपली मुलगी रात्री उशिरा येते म्हणून. त्या पत्रात घड्या घालत होती असं काही लिहिलेलं नव्हतं. गावात असं पत्र पोस्टमन आणतो आणि अप्पांच्या हातात पडेपर्यंत चार जणांना माहीत होतं. आईनं आठ दिवस नीट बोलणं टाकलं होतं.

बसायचं नाही. हा दुसरा नियम. कॅमेरा आहे. दुकानात एकही गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, कारण मुली बसलेल्या दिसल्या की धंदा होत नाही म्हणे. माझ्या बरोबरीला एक काकू होत्या, सतरा वर्षं त्याच काउंटरला. पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. त्या मला हळूच सांगायच्या, "ट्रायल रूमचे कपडे आणायला जा आणि दोन मिनिटं आतच टेक." सतरा वर्षांत बाईनं बसायला जागा कुठली शोधली तर ट्रायल रूम!

आता कॉलेजचं ऐका. सकाळी साडेसातला लेक्चर. 75 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देणार नाही. आमच्या सरांनी मला पहिल्या बाकावरून उठवून सगळ्यांसमोर विचारलं, "रात्रभर मोबाइल बघता आणि इथं झोपायला येता का?" मी म्हटलं, सर, कामाला जाते. तर म्हणे, "मग कामच करा, अॅडमिशन कशाला घेतलीत?" हेच सर सप्टेंबरात कर्मवीर जयंतीला माइकवरून "कमवा आणि शिका" वर पाऊण तास बोलले होते. डोळ्यांत पाणी वगैरे आणून. अहो, भाऊराव पाटलांनी पोरांना काम दिलं ते शिकता यावं म्हणून. तिथं काम आणि शाळा यांचा मालक एकच होता, त्याला दोन्ही दिसत होतं. माझ्या शेठला माझं कॉलेज दिसत नाही आणि सरांना माझं दुकान दिसत नाही. कॉलेजातल्या कमवा-शिकाला मी अर्ज केला नव्हता असं समजू नका. जागा मोजक्या, काम तासांवर, आणि त्या पैशात मेसचं बिलसुद्धा निघत नाही. लायब्ररीत पुस्तकं लावायला मला काय जड होतं? आनंदानं लावली असती.

सगळ्यात जास्त संताप येतो तो नातेवाइकांचा. मावशी म्हणते, "आता मुलींचं शिक्षण सरकारनं फुकट केलंय की गं, नोकरी कशाला करतेस?" मावशी, 2024 साली जी माफी झाली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांची. त्यातही उत्पन्नाची अट. मी बीकॉमला आहे. आणि माझी फी समजा माफ झालीच, तरी मी झोपणार कुठं आणि जेवणार काय? फीची पावती?

त्याच मावशीच्या दिरांचा मुलगा अमेरिकेत एमएस करतो. लग्नाकार्यात त्याचं कौतुक ठरलेलं. "आमचा पोरगा तिकडं कॅन्टीनमध्ये भांडी घासतो, कामाची लाज नाही बाई त्याला." मला तरी कुठं लाज आहे? पण तिकडे कॉलेज चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तासांच्या वर काम करायची मुभाच नाही, केलं तर व्हिसा जातो. मी 36 तास करत होते. त्याचं काम म्हणजे जिद्द, आणि माझं काम म्हणजे "पोरगी दुकानात लागलीय, घरची परिस्थिती नाही वाटतं". तेच काम, तेच हात, फक्त विमानाचं तिकीट मधे आलं.

बरं, सोडलं का? तर सेमिस्टरच्या परीक्षेसाठी चार दिवस सुट्टी मागितली. पगारी नाही हो, बिनपगारी! पंधरा दिवस आधी सांगून. शेठ म्हणाले, "लगीनसराई आहे, आता सुट्टी नाही. परीक्षा काय पुन्हा देता येते." लगीनसराई पण पुन्हा येते की दर वर्षी! दिवाळीत अंतर्गत परीक्षा होती तेव्हाही हेच ऐकलं होतं, आणि मी मुकाट्यानं दोन पेपर वाचल्याशिवाय दिले होते. एकात नापास. या वेळी म्हटलं, नाही. त्या दिवशी 11 तारीख होती. महिन्यात सुट्टीसुद्धा घेतलेली नव्हती, म्हणजे पूर्ण अकरा दिवस.

दुसऱ्या फेरीला मी थोडी तयारी करून गेले होते. वेतन संहितेत आहे, 2019 ला संसदेनं केलेल्या कायद्यात, की माणसानं काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करायचा. अंमल व्हायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला ते सोडा, पण आता लागू आहे. मी हे अगदी नम्रपणे सांगितलं, शेठ-बिठ म्हणून. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "मग कायद्याकडूनच घे पगार." मागं उभी असलेली पोरं हसली. त्यातल्या दोघांचा स्वतःचा मागच्या महिन्याचा अर्धा पगार राहिलाय, तरी हसली.

माझ्याकडे आहे काय दाखवायला? नेमणुकीचं पत्र नाही. पगार रोख, एका लांबड्या वहीत सही, ती वही शेठच्या ड्रॉवरमध्ये. हजेरी म्हणजे शेठची आठवण. कामगार कार्यालयात जा म्हणतात मैत्रिणी. जाईन की. सकाळी कॉलेज, दुपारी अभ्यास, आणि कार्यालय उघडं कधी, तर नेमकं याच वेळात. पार्ट टाइमवाल्याला सगळ्या जगानं धरून ठेवलंय ते असं, प्रत्येकाला आपलं काम फुल टाइम वाटतं.

आज निघताना शेठ मोठ्या मनानं म्हणाले, "अगं, बुडवत नाही मी कुणाचे. गुरुवारी ये. सकाळी दहा-साडेदहाला ये, नंतर गर्दी होते."

गुरुवारी सकाळी दहाला माझा कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर आहे. एक वाजता सुटतो. सव्वाला मी त्या दुकानात असणार, गर्दी असली तरी. गर्दीच हवीय मला. बायका ड्रेस बघत असताना काउंटरसमोर उभी राहून मोठ्यानं मागणार आहे, दोन हजार नऊशे एकसष्ट.