डंपवरची भेग आणि "काका, डिलीट करा"

जुलैतली रात्र होती. पावणेबारा वाजले असतील, पाऊस दिवसभर येऊनच राहिला होता. मोबाईलवर एक फोटो आला, मागोमाग व्हॉइस मेसेज. आमच्याच गावचा पोरगा, कोळसा खाणीत ठेकेदाराकडे टिपर चालवतो, म्हणजे खाणीतून निघालेली माती-दगड डंपावर (ढिगावर) नेऊन ओतायची गाडी. "काका, डंपाच्या काठाले अशी भेग पडली हाये. गाडी मांगं घेऊ का नको?"

काठापासून चार-पाच हात आत, काठाला समांतर अशी लांब भेग. तिच्यात पाणी उतरत होतं. मी तिथल्या तिथं फोन लावला. "आधी मागं सर बाबू. फोटो काढाले काठावर कायले गेला? तिथं एकही गाडी लागू देऊ नको. सरदारले सांग, ओव्हरमनले सांग, जागा बंद करून घे." पोरानं ऐकलं. सरदार म्हणजे पाळीतल्या सुरक्षेवर नजर ठेवणारा, ओव्हरमन त्याच्या वरचा. सरदारानं डंपिंग दुसऱ्या बाजूला वळवलं. सकाळपर्यंत तो काठ दीड-दोन फूट खाली बसला होता. कुणाला खरचटलंही नाही.

मी ३१ वर्षं कोळशात काढली. आधी अंडरग्राउंडला सरदार, मग ओव्हरमन, शेवटची काही वर्षं ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत. अशी भेग काय सांगते ते मला माहीत आहे. आपल्याकडे विदर्भात कोळशाच्या वर काळ्या मातीचा जाड थर असतो. ही माती उन्हाळ्यात तडकते, पाणी प्यायली की फुगते आणि लोण्यासारखी सरकते. कापूस-सोयाबीनच्या घरातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, त्याचे पाय लहानपणापासून त्याच चिखलात रुतलेले असतात. पण तीच माती ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, उंच डंपात जाते, भेगेतून पाणी आत शिरतं, वजन वाढतं, पकड सुटते. त्यात भरलेल्या टिपरची मागची चाकं बरोब्बर काठावर येतात. ही आपल्या शेतातलीच माती आहे, हे त्या पोराला एकदा कुणी जोडून सांगितलं तर तो जन्मभर विसरणार नाही.

ओपनकास्टमध्ये वर आभाळ असतं म्हणून ती सुरक्षित, असं गावात अजून मानतात. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडात राजमहलच्या लालमटिया खाणीत रात्रीच्या वेळी माती-दगडाचा ढीग खाली आला आणि २३ माणसं गेली. तीही ओपनकास्टच होती.

तर सकाळी मी तो फोटो आमच्या खाणवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की ही भेग कशी ओळखायची, दिसली तर काय करायचं. खाणीचं नाव नाही, पोराचं नाव नाही. दहा मिनिटांत एका जुन्या सोबत्याचा मेसेज आला: "काका, डिलीट करा. फोटोवरून जागा ओळखू येते. त्या पोराचं काम जाईल."

मी डिलीट केलं. पोराच्या घरी दोन लहान लेकरं आहेत. पण ते डिलीट करणं मला अजून टोचतं.

कारण त्याच ग्रुपवर काही महिन्यांआधी एका अपघाताचे फोटो तासाभरात सगळीकडे फिरले होते. दबलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तेव्हा कुणीच म्हटलं नाही की डिलीट करा. मेलेल्या माणसाचा फोटो चालतो आणि माणूस कसा वाचला ते चालत नाही, हे मला सहन होत नाही. त्या फोटोतून आपण काय शिकलो? गाडीचा ब्रेक गेला होता, रस्त्याचा उतार जास्त होता, की कडेचा बांध नव्हता? कुणी विचारलंसुद्धा नाही.

साहेब लोक लिंक्डइनवर लिहितात, उतारावर लक्ष ठेवणाऱ्या रडारबद्दल, नव्या मशीनबद्दल. चांगलं लिहितात, मी वाचतो. धनबादहून खाण सुरक्षा महासंचालनालयाची परिपत्रकं निघतात, त्यातही कामाचं खूप असतं. पण ते बहुतेक इंग्रजीत. रात्रपाळीला काठावर गाडी मागे घेणारा पोरगा ते वाचत नाही. तो व्हॉट्सॲप ऐकतो. मग त्याच्यासाठीचं ज्ञान व्हॉट्सॲपवरच, त्याच्याच बोलीत, दीड मिनिटाच्या आवाजात यायला पाहिजे.

आवाजावरून सांगतो. मी नवीन असताना एका छत्तीसगढी सरदारानं मला अंडरग्राउंड खाणीचं छत ठोकून पाहायला शिकवलं. काठीनं ठोकलं आणि टणक, खणखणीत आवाज आला तर छत धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटला, बाजूला व्हा. हे कागदावर कितीही लिहा, कानाला कळत नाही. आणि मोबाईल अंडरग्राउंड कोळसा खाणीत न्यायचा नाही, ते बरोबरच आहे. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असला की एक ठिणगी पुरते, म्हणून तर बिडी-माचिससाठी झडती होते. मग मी काय केलं, घरातल्या पक्क्या भिंतीवर काठी मारली, नंतर मागच्या खोलीतल्या सुटलेल्या प्लास्टरवर मारली, आणि दोन्ही आवाज रेकॉर्ड करून पाठवले. त्यावर नवीन पोरांचे जितके प्रश्न आले, तितके मला सुरक्षा पंधरवड्याच्या भाषणानंतर कधी आलेले आठवत नाहीत.

ग्रुप म्हणजे रजिस्टर नव्हे, हेही सांगून ठेवतो. धोका दिसला की आधी सरदाराला सांगायचं, नोंद करायला लावायची, कामगारांतूनच नेमलेल्या वर्कमन इन्स्पेक्टरला कळवायचं. जागा ओळखू येईल असा फोटो टाकायचा नाही, हातानं काढलेलं चित्रही पुरतं. माझं तेच चुकलं होतं. पण नाव-गाव काढून लिहायला बंदी कशाला? अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: थोडक्यात टळलेला अपघात सांगणाऱ्याला चार्जशीट मिळणार नाही, ठेकेदार त्याला घरी बसवणार नाही, एवढं लेखी द्या. एकदा माणूस सांगून पस्तावला की पुढच्या वेळी तो भेग पाहील आणि गप्प राहील.

आणि आपण आपापल्या खनिजात बांधून घेतलंय स्वतःला. चिखला, डोंगरी बुजुर्गचा मॅंगनीजवाला वणीच्या कोळशावाल्याशी कधी बोलत नाही. गडचांदूरचा चुनखडीवाला वेगळा, सूरजागडला लोखंडावर गेलेली पोरं वेगळी. खनिज वेगळं असलं तरी टिपर तोच, पावसाळा तोच, मागे घेताना होणारी चूकही तीच.

आता जे या कामात आहेत त्यांना विचारतो. डंपाच्या पायथ्याचं पाणी तुम्ही कुठून काढता? काळी माती वेगळी टाकता की दगडात मिसळून? रात्री काठ दिसावा म्हणून उजेड कुठल्या बाजूनं लावता? खाली लिहा, खाणीचं नाव नको. लिहिता येत नसेल तर मला आवाज पाठवा, मी उतरवून घेतो. ऑगस्टचा पाऊस अजून बाकी आहे.