बीडीडी चाळी, तुरुंग आणि एक फॉरवर्ड

वरळीतल्या जुन्या चाळी पडून टॉवर उभे राहायला लागल्यापासून एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: 'बीडीडी चाळी म्हणजे इंग्रजांनी बांधलेला तुरुंग. म्हणून तर मधे अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना कोठड्या. स्वातंत्र्यानंतर कामगारांना तिथं राहायला दिलं. बाबासाहेबही इथलेच.'

आधी नाव बघा. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खातं निघालं. आदल्याच वर्षी लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले होते आणि कामगारांच्या घरांचा प्रश्न सरकारच्या नाकाशी आला होता. बेत ५० हजार खोल्यांचा होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. कैद्यांसाठी कापसावर कर कोण बसवेल? प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या.

आता तो बोळ. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दहा-दहा खोल्या, म्हणजे एका चाळीत ८०. एकाच जिन्यावर आणि एकाच बोळावर दोन रांगा भागल्या की काँक्रीट वाचतं. गिरगावच्या चाळीसारखी बाहेरून गॅलरी इथं नाही, म्हणून उजेडही नाही. हा कंजूषपणा आहे, कोठडी नव्हे. साधारण १६० चौरस फुटांच्या त्या खोलीत मोरी आहे. संडास तेवढे मजल्यावर सामाईक. तुरुंग हवा होता तेव्हा सरकारने तुरुंगच बांधला: आर्थर रोडचा, १९२६ साली.

बाबासाहेब राहायचे ते परळच्या बीआयटी चाळीत. बीआयटी म्हणजे प्लेगनंतर, १८९८ साली निघालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. खातं वेगळं, काळ वेगळा. दोन्ही नावं 'बी'पासून सुरू होतात, एवढंच साम्य.

मग तुरुंग आला कुठून? इथं फॉरवर्डवाल्याच्या हाताला खरं काहीतरी लागलंय, फक्त उलटं. १९३०च्या सविनय कायदेभंगात तुरुंग तुडुंब भरले, तेव्हा सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रही तिथं डांबले. ते जमलं, कारण खोल्या रिकाम्याच होत्या. गिरण्या परळ-लालबागला, वरळी तेव्हा लांब, भाडं परवडेना. त्यात खिडक्यांच्या जागी काँक्रीटच्या आडव्या झडपा. उजेड अडायचा, पाऊस मात्र आत यायचा. ज्या खोल्या कामगाराने भाडं भरून घ्यायला नकार दिला होता, त्यांत सरकारने नाही म्हणायची सोय नसलेली माणसं आणून ठेवली. वरळी कामगार कुटुंबांनी भरली ती त्यानंतर, आणि तीही स्वातंत्र्याची वाट न बघता.