कुंडीतल्या रबर प्लांटबद्दलच्या आक्षेपांना उत्तर

घरात कुंडीत रबर प्लांट लावण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. यातून रबर येत नाही, मग हे नाव फसवं. तीस मीटर वाढणारं झाड कुंडीत कोंडणं हा छळ. आणि ते घरातली हवा शुद्ध करतं हे मी बेधडक लिहिलं. हे तुमचे तीन आक्षेप.

हवेचा आक्षेप पूर्ण मान्य. ते वाक्य मी लेखातून काढलंय. घरातली झाडं हवा शुद्ध करतात हे दाखवणारे नासाचे १९८९चे ते प्रसिद्ध प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये झाले होते. राहत्या खोलीत बाहेरची हवा आत-बाहेर खेळून जेवढी शुद्धता येते तेवढी झाडांकडून हवी तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं २०१९च्या एका आढाव्यात निघालं. मी आधी तपासायला हवं होतं.

नावाचं मात्र पटत नाही. याच्या चिकात रबर असतं, आणि एकोणिसाव्या शतकात आसामात त्यासाठी लागवडीही झाल्या. पुढे ब्राझीलच्या हेविया या दुसऱ्या रबर देणाऱ्या झाडाचं बी १८७६मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात आणि तिथून आशियात पोचलं. त्याचा चीक जास्त आणि चांगला, म्हणून हे झाड मागे पडलं. नाव तेवढं उरलं.

आता छळाबद्दल. यावर मी बराच विचार केला. हा वड-उंबराचा भाऊबंद. रानात याचं बी पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, तिथल्या मूठभर कुजलेल्या पाल्यावर वाढतं आणि मग मुळं खाली सोडतं. म्हणजे बालपणी अपुरी जागा त्याला नवी नाही. आपल्याला आवडणारी ती रुंद, चकचकीत पानंही कोवळ्या वयाचीच. मोठ्या झाडाची पानं लहान असतात. कुंडीत आपण त्याला लहानच ठेवतो, हे खरं. पण पाणी जपून घातलं, उजेड दिला तर ते वर्षानुवर्षं लाल वेष्टनातून नवं पान काढत राहतं. पिचणारं झाड असं वागत नाही.

खरा अन्याय पुढे होतो. छताला टेकलं की लोक ते कुंपणाच्या भिंतीलगत जमिनीत लावतात. मेघालयात खासी आणि जैंतिया लोक याच्याच पारंब्या ओढ्यापलीकडे वळवून जिवंत पूल घडवतात. माणसांची ये-जा पेलणारी ती मुळं भिंतीला काय करतील? मग काही वर्षांनी कुऱ्हाड येते.

म्हणून ते उंच झालं की शेंडा छाटा, चीक कातडीला लागू देऊ नका. आणि तुमच्याकडे भिंतींपासून लांब, खरोखर मोकळी जमीन असेल तर गुटी कलम बांधून (म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटू देऊन) एक रोप तिथे लावा. पारंब्या सोडलेलं रबराचं झाड माझ्या कुंडीत कधीच दिसणार नाही, तुमच्याकडे दिसेल.