आठ मुलांची वेगळी खोली : एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई, नमस्कार.

शाळेतच आठ मुलं आणि दोन मोठी माणसं अशी वेगळी खोली करून, रोजच्या ठरलेल्या क्रमातून आणि एकत्र खाण्यातून मुलांना थांबणं, मागणं, भरवसा ठेवणं शिकवायचं, अशा 'छोटा वर्ग' या कल्पनेवरच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की आठ मुलांना वर्गातून उचलून पोहे खायला बसवलं तर एकतर त्यांच्यावर शिक्का बसतो, नाहीतर त्यांचे लाड होतात. उरलेल्या पस्तीस जणांचं काय, आणि हे विलायती खूळ इंदूरला हवंच कशाला, असंही विचारलंत.

शिक्क्याची भीती रास्त आहे. तो बसतो निवडीच्या वेळीच. "कोणाला पाठवू?" असं स्टाफरूममध्ये विचारलं की यादीत फक्त दंगेखोर मुलगे येतात. आठही तसलेच घेतले तर आठवड्यात त्या खोलीला नाव पडतं, आणि आत कोणी कोणाकडून शिकावं असं काही उरत नाही. म्हणून हाणामारी करणारी दोन, फार तर तीन. दोन-तीन अगदी गप्प राहणारी, जी कोणालाच त्रास देत नाहीत म्हणून वर्षभर कोणाला दिसतही नाहीत. बाकीची सतत बाईंना चिकटणारी किंवा जराशा चुकीने रडणारी. निवड अंदाजाने नाही, बॉक्सॉल प्रोफाइल, म्हणजे मुलाच्या वागण्याबद्दलचा फॉर्म, भरून करायची. त्याचे दोन भाग आहेत, प्रत्येकी 34 विधानांचे, आणि तो वर्गशिक्षिकेनेच भरायचा. मूल रोज तिच्यासमोर असतं.

मूळ विलायती आहे, खरंच. 1969 साली लंडनच्या हॅकनी भागात मार्जोरी बॉक्सॉल या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी असे छोटे वर्ग सुरू केले. त्यांचं म्हणणं असं, की थांबणं, मागणं, मोठ्यांवर भरवसा टाकणं हे मूल घरून शिकून आलंय असं शाळा गृहीत धरते, आणि काही मुलांच्या बाबतीत ते झालेलंच नसतं. मग ओरडून काय उपयोग? जे राहिलं ते आधी करून घ्यावं लागतं.

आता पोहे. दहा जणांना (आठ मुलं, दोन मोठे) अर्धा किलो कोरडे पोहे पुरतात. शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) वेगळ्या वाट्यांत. शेंगदाणे पालकांना विचारून, आणि तेही वेगळेच. रोज एक मूल बश्या मांडतं, दुसरं वाढतं, आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. "मला शेव नको", "अजून द्या ना" हे मुलाने तोंडाने म्हणायचं. मराठीत म्हणो की हिंदीत, चालेल. "मला गुस्सा आला" असं म्हणणाऱ्याची भाषा त्याच क्षणी सुधारायला जाऊ नये. घाई आहे म्हणून मावशींनी भरलेल्या बश्या आणून ठेवल्या, की त्या वीस मिनिटांतलं सगळं शिकणं गेलं. उरतो नुसता नाश्ता. जलेबी रोज नको, हे इंदूरकरांना सांगणं अवघड आहे.

लाड म्हणाल तर इथली शिस्त मोठ्या वर्गापेक्षा घट्ट असते. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावलेला असतो आणि तो बदलायचा असेल तर आधी सांगावं लागतं. कोणी मारलं तर मोठ्याने मुलाच्या उंचीला बसून एवढंच म्हणायचं : "तुला राग आलाय, दिसतंय. मारणं चालणार नाही." भाषण त्या वेळी नाही. शांत झाल्यावर मोडलेलं त्याच्याकडूनच नीट करून घ्यायचं. दटावून वदवलेल्या 'सॉरी'ने काही होत नाही. छडीचा मार्ग तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नेच बंद केलाय.

पस्तीस जणांचं उत्तर असं, की ही आठ मुलं त्यांचा वर्ग सोडतच नाहीत. हजेरी, प्रार्थना, डबा, खेळ आपल्याच वर्गात. छोटा वर्ग आठवड्यातून चार सकाळी, दोन-दोन तास. परतीची तयारी आधीपासून : जो विषय मुलाला आवडतो त्याचा एक तास, सुरुवातीला ओळखीचं मोठं माणूस शेजारी, मग हळूहळू वाढ. लंडनच्या पद्धतीत मूल पूर्णपणे वर्गात परतायला दोन ते चार सत्रं लागतात आणि तिथे वर्षाची सत्रं तीन. सगळ्यात जास्त बिघडतं ते दोन चुकांनी. एक शिक्षिका रजेवर गेली की छोट्या वर्गाच्या बाईंना बदली तासावर धाडतात. ज्या मुलांचा भरवसा 'उद्या या असतील' एवढ्यावर टेकलेला असतो त्यांना तेच पुन्हा खोटं ठरतं. दुसरी चूक, "नीट वागलास तरच तिथे जाशील" अशी धमकी. मग ती खोली बक्षीस होते, किंवा उलट शिक्षा.

खर्चाबद्दल तुमचं बरोबर आहे. दोन मोठी माणसं कायमची देता येत नसतील तर शाळेने हे सुरू करू नये; आठवड्याला एक तास गोष्टी सांगाव्यात, तेही चांगलंच, फक्त त्याला 'छोटा वर्ग' हे नाव देऊ नये. आणि हा उपचार नव्हे. ऐकू कमी येणं किंवा ऑटिझमची शंका असेल तर डॉक्टरांकडे, घरी मारहाणीची शंका असेल तर 1098 या बाल हेल्पलाइनवर.

कधी सुरू करावं, हेही तुम्ही विचारलंत. एप्रिलमध्ये नवं शैक्षणिक वर्ष लागतं तेव्हा नको, जूनमध्ये शाळा उघडल्या-उघडल्याही नको. तेव्हा अर्धा वर्ग तसाही रडत असतो. जुलैच्या मध्याला फॉर्म भरा, ऑगस्टमध्ये बसवा. आणि वर्गात परत पाठवण्याचा मुहूर्त दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मुळीच काढू नका.