उणे अठरा मीटरचा रस्ता

दहावीच्या गणिताचे बोर्डाने दोन भाग केलेत. भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा. त्यामुळे एका संध्याकाळी एकच संकट येईल, अशी आमच्या घरात भाबडी समजूत होती. पण वर्गसमीकरणांच्या धड्यात शाब्दिक उदाहरणं सुरू झाली आणि भाग २ मधली बाग सरळ भाग १ मध्ये घुसली.

बाग २० मीटर लांब, १२ मीटर रुंद. भोवती बाहेरून सारख्या रुंदीचा रस्ता. रस्त्यासकट क्षेत्रफळ ३८४ चौरस मीटर. तर रस्त्याची रुंदी काढा.

या बागेच्या मालकाला मला एकदा भेटायचंय. गड्याला रस्त्यासकट सगळं क्षेत्रफळ तोंडपाठ, आणि रस्ता किती रुंद हेच ठाऊक नाही! अरे, टेपचं एक टोक गवंड्याच्या हातात दे, दुसरं तू धर, विषय संपला. पण "टेपने मोजला" असं लिहिलं तर मार्क मिळत नाहीत, असं कन्येने बजावलं.

मग रुंदी क्ष मानली. रस्ता दोन्हीकडे, म्हणून लांबी २० + २क्ष आणि रुंदी १२ + २क्ष. (इथे नुसतं २० + क्ष लिहिलं की पुढचं पानभर गणित बिनचूक सोडवूनही वाया जातं.) गुणाकार केला, ३८४ अलीकडे आणले, चारने भागलं. उरलं क्ष² + १६क्ष − ३६ = ०. मधलं पद फोडलं, अवयव पाडले. क्ष म्हणजे २ किंवा −१८.

"रुंदी ऋण नसते," कन्येने −१८ वर काट मारली.

हे ज्याने ठरवलं त्याने पावसाळ्यानंतरची आमची गल्ली पाहिलेली नाही. मी म्हटलं, थांब, बिचाऱ्याचा ताळा तरी करू. २० मधून ३६ गेले, −१६. १२ मधून ३६ गेले, −२४. गुणाकार? ३८४!

"बाबा, परीक्षेत एवढा वेळ नसतो."

भास्कराचार्यांकडेही वेळ नव्हता बहुतेक. बाराव्या शतकातल्या त्यांच्या 'बीजगणिता'त माकडांचं एक कोडं आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, एवढी माकडं गुहेत गेली; एक बाहेर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन माकडं. आचार्यांनी ५ सोडून दिलं. कारण काय, तर ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. म्हणजे कन्येची बाजू भक्कम.

पुढचं उदाहरण: काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३, पाया उंचीपेक्षा ७ ने जास्त. उंची क्ष मानून पायथागोरस लावला, की क्ष² + ७क्ष − ६० = ०. उत्तरं ५ आणि −१२.

"उंची ऋण नसते." पुन्हा काट.

"बरं. उंची ५. आता पाया काढ."

"पाच अधिक सात..." पेन थांबलं. तिने वर काट मारलेल्या −१२ कडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा परत कसा आला?"

"उणे चिन्ह बाहेर काढून ठेवून आलाय," मी म्हटलं.