केशवराव भोसले नाट्यगृह आधी माइक बंद ठेवून ऐकावे

व्हिएन्नाच्या प्रवासात तेथील म्युझिकफेराईन या संगीतगृहात उभ्याने ऐकण्याचे स्वस्तातले तिकीट काढून एक मैफल ऐकली. तेव्हापासून कोल्हापूरच्या आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीविषयी जे मनात घोळते आहे, ते येथे मांडतो.

वास्तुविशारद थिओफिल हान्सेन यांनी बांधलेले हे संगीतगृह १८७० मध्ये खुले झाले. सुमारे ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि जवळपास १८ मीटर उंच अशा त्याच्या मुख्य दालनात, रुंदी कमी असल्यामुळे, बाजूच्या भिंतींवरून परतणारा आवाज मूळ स्वरापाठोपाठ लगेच कानाशी पोहोचतो. भिंतींवरील सोनेरी मूर्ती आणि नक्षीकाम तोच आवाज चहूकडे पसरवतात, आणि लाकडी जमिनीखाली पोकळी आहे. मी अगदी मागच्या कठड्याला टेकून उभा होतो. वाद्ये जुळवून घेण्यासाठी ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याने एकच स्वर धरला आणि त्यातला त्याचा श्वासही मला जाणवला. माइक कुठेही नव्हता.

शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये सुरू झालेले आपले नाट्यगृह, म्हणजे तेव्हाचे ‘पॅलेस थिएटर’, हेही माइकच्या आधीचेच. केशवराव भोसल्यांच्या पिढीतील गायक नटाला शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पद पोहोचवायचे, ते स्वतःच्या गळ्याच्या आणि वास्तूच्या जोरावर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ही वास्तू आगीत होरपळली आणि सारे कोल्हापूर हळहळले. पुढे मात्र खाऊगल्लीत गप्पा ऐकाव्यात तर विषय खुर्च्यांचा, वातानुकूलनाचा, पार्किंगचा. या सोयी हव्यातच, कारण उकाड्यात तीन अंक बसणे म्हणजे काय हे आपण जाणतो. पण छताला आणि भिंतींना कोणते साहित्य लावायचे हे एकदा ठरून गेले की त्या दालनाचा आवाजही ठरून जातो, आणि पुढे कितीही महागडे स्पीकर टांगले तरी तो बदलत नाही.

व्हिएन्नाची नक्कल करावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तेथे भरल्या दालनातही स्वर सुमारे दोन सेकंद रेंगाळतो, जे वाद्यवृंदाला शोभते. नाटकाच्या संवादांचा मात्र त्यात पार गोंधळ उडेल. आपल्याला शब्द स्पष्ट ठेवून पदही खुलवणारी वास्तू हवी आणि हे गणित व्हिएन्नाहून अवघड आहे. म्हणूनच ध्वनितज्ज्ञाला रंगसफेदीच्या वेळी नव्हे, आराखड्याच्या टेबलावरच बसवायला हवे.

उद्घाटनाच्या भाषणांआधी एक चाचणी जाहीरपणे व्हावी. रंगमंचावर एक गायक नट, ऑर्गन आणि तबला, माइक पूर्ण बंद. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत आपल्या गावातले जुने दर्दी. पदातले शब्द तिथे कळले नाहीत, तर उद्घाटन पुढे ढकलावे.